एका विधवेचा तिसरा हिस्सा

१७९९ च्या उन्हाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या मळ्यावरच्या गुलामांची यादी स्वतःच्या हाताने लिहून काढली. अध्यक्षपद सोडून त्याला दोन वर्षे झाली होती. पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन हा त्याचा मळा आठ हजार एकरांवर पसरलेला होता. त्यात पाच शेतवाड्या होत्या आणि त्यांवर राबणारी ३१७ माणसे. यादीत प्रत्येकाचे नाव आहे, बहुतेकांचे वय आहे, काम आहे आणि लग्न झालेले असेल तर जोडीदार कोण, कुठे राहतो, हेही नोंदवलेले आहे. अक्षर वळणदार, नोंदी चोख. तरुणपणी जमीनमोजणी करणाऱ्या माणसाची शिस्त त्या कागदावर दिसते.

पण कागदावर दोन रकाने आहेत. एकावर मालकाची आद्याक्षरे, 'जी. डब्ल्यू.'. दुसऱ्यावर एकच शब्द, 'डावर'. आयझॅक नावाचा सुतार पहिल्या रकान्यात आहे. त्याची बायको किटी गाईंच्या गोठ्यावर धारा काढायची. ती दुसऱ्या रकान्यात. दोघांना नऊ मुली झाल्या आणि त्या सगळ्या आईच्या रकान्यात गेल्या. एकाच चुलीवर जेवणारे हे कुटुंब मधल्या एका उभ्या रेघेने तोडलेले होते. ती रेघ वॉशिंग्टनने ओढली नव्हती. ती एका विधवेच्या वारसाहक्काची रेघ होती.

बेचाळीस वर्षे मागे जाऊ. ८ जुलै १७५७ रोजी व्हर्जिनियात पामंकी नदीकाठच्या 'व्हाइट हाउस' नावाच्या मळ्यावर डॅनियल पार्क कस्टिस वारला. (अध्यक्षांच्या आजच्या निवासस्थानाशी या नावाचा संबंध नाही.) त्या वसाहतीतल्या बड्या धनिकांपैकी तो एक. त्याची बायको मार्था तेव्हा सव्वीस वर्षांची होती. चार मुलांपैकी दोन आधीच गेली होती; उरलेला मुलगा तीन वर्षांचाही नव्हता आणि मुलगी त्याहून लहान. मागे राहिली ती साडेसतरा हजार एकरांच्या आसपास जमीन आणि सुमारे तीनशे गुलाम. डॅनियलने मृत्युपत्र केले नव्हते, त्यामुळे वाटणी कायद्यानेच झाली.

हा कायदा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले. इंग्रजी रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा तिसरा हिस्सा विधवेला तहहयात मिळे. हाच 'डावर'. उत्पन्न तिचे, मालकी मात्र नाही. ती गेली की हिस्सा नवऱ्याच्या वारसांकडे परत. जमिनीपुरता हा नियम ठीक होता. पण १७०५ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने ठरवले की वारसाहक्कापुरते गुलाम हे स्थावर मालमत्ता समजावेत. हेतू सरळ होता. जमीन वारसाला मिळाली आणि राबणारे हात दुसऱ्याकडे गेले, तर तंबाखूचा मळा ओस पडतो, म्हणून हात जमिनीलाच बांधून टाकायचे. त्याच कायद्यात दुसरे कलमही होते: मालकाचे कर्ज फेडण्यासाठी याच गुलामांचा जंगम वस्तूसारखा लिलाव करता येईल. म्हणजे वारसाला द्यायचा तेव्हा माणूस स्थावर आणि सावकाराला द्यायचा तेव्हा जंगम. माणूस मात्र कुठल्याच कलमात नाही.

मार्थाच्या वाट्याला अशी ऐंशीच्या वर माणसे आली. त्यांच्याकडून काम करून घेण्याचा, त्यांना भाड्याने देण्याचा हक्क तिला होता. त्यांना मुक्त करण्याचा किंवा कायमचे विकून टाकण्याचा नव्हता. वारसाच्या संमतीवाचून विधवेने अशा गुलामांना व्हर्जिनियाबाहेर पाठवले, तर तिचा हक्कच बुडे. आणि त्या बायकांना पुढे जी मुले होतील, तीही कस्टिस घराण्याच्या वारसांची. १६६२ पासून व्हर्जिनियात नियम होता की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. बापाला त्यात स्थान नव्हते. गोऱ्या बापांची सोय झाली, आणि प्रत्येक गुलाम बाईची कूस ही कुणाची तरी मिळकत ठरली.

मराठी वाचकाला यातला एक भाग ओळखीचा वाटेल. आपल्याकडच्या हिंदू विधवेचा हक्कही असाच तहहयात असे. निपुत्रिक, विभक्त नवऱ्याची मिळकत तिला मिळाली तरी ती तिने खायची, विकायची नाही. कायद्याने मान्य केलेली गरज असेल तरच विकायची. ती गेली की नवऱ्याचे भाऊबंद दारात उभे. ही मर्यादा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने उठली. फरक असा की आपल्याकडे १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह केलेली विधवा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीला मुकायची. व्हर्जिनियातली मार्था आपला तिसरा हिस्सा घेऊन दुसऱ्या लग्नाला उभी राहू शकली. ६ जानेवारी १७५९ रोजी तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केले आणि तो हिस्सा नव्या नवऱ्याच्या ताब्यात आला. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत नसे, विधवेला येई. त्यामुळे मार्थाने दीड वर्ष मळ्यांचा कारभार जो हाताळला, तो या लग्नानंतर थांबला.

विधवा आणि गुलामांची विक्री ही जोडी त्या समाजात पावलोपावली भेटते. नवरा गेला की देणी उभी राहत, वाटण्या होत, आणि सर्वात लवकर पैसा उभा करून देणारी चीज म्हणजे माणूस. १७६८ मध्ये वॉशिंग्टनने विल्यम आणि फ्रँक ली या दोन भावांना विकत घेतले, ते मेरी ली या विधवेकडून. विल्यमचे ६१ पौंड १५ शिलिंग, फ्रँकचे ५० पौंड. विल्यम पुढे स्वातंत्र्ययुद्धाची सगळी वर्षे घोड्यावरून वॉशिंग्टनच्या मागे फिरला. फ्रँक घरचा बटलर झाला. १७८६ मध्ये वॉशिंग्टनने शेजारची जमीन आणि तिच्यावरचे गुलाम भाड्याने घेतले. त्यांच्यावरही एका विधवेचा, पेनेलोपी फ्रेंचचा, तहहयात हक्क होता. १७९९ च्या यादीतल्या ३१७ माणसांपैकी १२३ वॉशिंग्टनची स्वतःची, १५३ डावरची आणि ४१ भाड्याची. म्हणजे त्या मळ्यावरची निम्म्याहून अधिक माणसे कुठल्या ना कुठल्या विधवेच्या हयातीशी बांधलेली होती.

हे वाचताना आपले घर स्वच्छ होते असे समजायचे कारण नाही. त्याच अठराव्या शतकात पेशव्यांच्या दफ्तरांत कुणबिणी आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बदकर्माचा ठपका आलेल्या बायकांना, त्यात विधवाही आल्या, सरकारजमा करून कोठीवर किंवा किल्ल्यावर राबायला पाठवले जाई. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, तेव्हा ते दूरच्या देशाचे कौतुक नव्हते. त्यात इथल्या लोकांसाठी मागणी होती.

माउंट व्हर्ननवर चाळीस वर्षांत दोन रकान्यांतली माणसे एकमेकांत मिसळत गेली. लग्ने झाली, मुले झाली. कायद्याच्या लेखी ती लग्ने नव्हतीच, पण यादीत वॉशिंग्टनने ती नोंदवली आहेत, म्हणजे त्याला ती माहीत होती. फ्रँक ली 'जी. डब्ल्यू.'चा, त्याची बायको लूसी स्वयंपाकघरातली, डावरची. स्लॅमिन जो नावाचा चर खणणारा मजूर 'जी. डब्ल्यू.'चा, त्याची बायको प्रिसिला दुसऱ्या वाडीवर, डावरची, आणि सहा मुले तिच्यापाशी. मार्थाचा मुलगा १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यानंतर तापाने गेला. त्याच्या मागे तीन मुली आणि एक मुलगा राहिला. मार्थाची ही चार नातवंडे आता डावरच्या माणसांची वारस होती. आजीने डोळे मिटले की वाटणी.

हे सगळे ज्या एका बाईने सर्वांत आधी नीट ओळखले, ती ओना जज. आई बेटी, डावरची शिवणकाम करणारी. बाप अँड्र्यू जज, इंग्लंडहून करारावर आलेला गोरा शिंपी. करार संपल्यावर बाप निघून गेला, मुलगी आईच्या रकान्यात राहिली. सुईत ती आईसारखीच तरबेज. वॉशिंग्टन अध्यक्ष झाला तेव्हा मार्थाची खास दासी म्हणून तिला आधी न्यूयॉर्कला आणि मग फिलाडेल्फियाला नेले.

फिलाडेल्फियात एक अडचण होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने, बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर स्वतंत्र होऊ शकत होता. १७९१ मध्ये वॉशिंग्टनने आपला चिटणीस टोबायस लिअर याला पत्र लिहिले. डावरची माणसे अशी सुटली तर आपल्याला नुसते कामाला मुकावे लागणार नाही, त्यांची किंमतही कस्टिस वारसांना भरून द्यावी लागेल, ही त्याची काळजी. म्हणून त्यांना मुदत भरण्याआधी व्हर्जिनियाला पाठवून परत आणायचे, आणि ते का, हे त्यांना आणि लोकांनाही कळू द्यायचे नाही. हा कागद वाचल्यावर वॉशिंग्टनविषयी मनात असलेला आदर जागचा हलतो. स्वातंत्र्याचे युद्ध जिंकलेला माणूस सहा महिने भरू नयेत म्हणून दिवस मोजत होता.

१७९६ च्या मार्चमध्ये मार्थाची थोरली नात एलायझा हिचे लग्न झाले. नवरा टॉमस लॉ. हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वाढलेला, बिहारमध्ये गयेचा कलेक्टर राहिलेला, जमीनमहसूल कायमचा ठरवून द्यावा असा आग्रह धरणारा. हिंदी स्त्रीपासून झालेले मुलगे घेऊन तो अमेरिकेत आला होता. ओनाला कळले की आपल्याला एलायझाच्या हवाली केले जाणार आहे. एलायझाच्या रागीट स्वभावाचा तिने धसका घेतला होता. एकदा व्हर्जिनियात परत गेलो की सुटका नाही, हेही तिला दिसत होते.

२१ मे १७९६. घरात व्हर्जिनियाला जायची बांधाबांध चालू होती. तीही बांधाबांध करत होती. फक्त तिचे सामान वेगळ्या वाटेने, शहरातल्या स्वतंत्र काळ्या मित्रांच्या घरी, आधीच पोचले होते. वॉशिंग्टन कुटुंब जेवायला बसले आणि ती दारातून बाहेर पडली. दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रात जाहिरात आली. रंग उजळ, चेहऱ्यावर खूप तीळ, डोळे काळे, पकडून देणाऱ्यास दहा डॉलर. तोवर तिला कॅप्टन बोल्सच्या गलबतावर जागा मिळाली आणि ती न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ बंदराला लागली.

वॉशिंग्टनने तिथल्या जकात अधिकाऱ्यामार्फत तिला परत आणायचा प्रयत्न केला. त्या अधिकाऱ्याने ओनाला गाठून विचारले आणि वर कळवले की साहेब व बाईसाहेब यांच्या पश्चात आपल्याला मुक्त करतील असे वचन मिळाले, तर ती परत यायला तयार आहे. वॉशिंग्टनने नकार दिला. पळून जाणाऱ्याला बक्षीस दिले तर निष्ठेने राहिलेल्यांवर अन्याय होईल, असे त्याचे म्हणणे. पण तिने मागितलेले वचन देणे त्याच्या हातातही नव्हते. तो मेला, मार्था मेली, तरी ओना कस्टिस वारसांचीच राहणार होती. तिच्या हाताशी एकच मार्ग होता आणि तो तिने आधीच चोखाळला होता. पुढे तिने जॅक स्टेन्स या खलाशाशी लग्न केले, तिला तीन मुले झाली, आणि १७९९ मध्ये वॉशिंग्टनचा एक नातलग तिला न्यायला आला तेव्हा वेळेवर सूचना मिळून ती पुन्हा निसटली. म्हातारपणी वर्तमानपत्राला मुलाखत देताना तिला विचारले की इतक्या कष्टांत दिवस काढले, पळून आल्याचा पश्चात्ताप होतो का? ती नाही म्हणाली. १८४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्येच ती वारली. कायद्याच्या कागदात ती आणि तिची मुले अखेरपर्यंत कस्टिस इस्टेटीची मिळकत होती.

तिच्या पाठोपाठ नऊ महिन्यांनी, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, आचारी हर्क्युलिस पळाला. तो 'जी. डब्ल्यू.'च्या रकान्यातला. त्याच वसंतात फ्रान्सच्या राजघराण्यातला लुई-फिलिप, पुढे राजा झालेला, माउंट व्हर्ननला पाहुणा आला होता. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारले, बाप आता कधी दिसणार नाही, वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, मला आनंद झालाय, कारण तो आता मोकळा आहे. लुई-फिलिपने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले.

वॉशिंग्टनच्या मनात काही बदलत होते, हे खरे आहे. यादी केली त्याच महिन्यांत, जुलै १७९९ मध्ये, त्याने एकोणतीस पानांचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिले. आपले स्वतःचे गुलाम मुक्त व्हावेत, पण मार्थाच्या मृत्यूनंतर. कारणही त्याने लिहिले: त्यांची डावरच्या माणसांशी लग्ने झाली आहेत, मार्था हयात असताना अर्ध्यांना सोडले तर ताटातूट डोळ्यांदेखत होईल आणि दुःखाचा प्रसंग ओढवेल. डावरची माणसे मुक्त करणे आपल्या अधिकारात नाही, हेही त्याने स्पष्ट केले. म्हाताऱ्यांना पोसावे, अनाथ मुलांना लिहा-वाचायला आणि एखादा धंदा शिकवावा, कुणालाही व्हर्जिनियाबाहेर विकू नये. फक्त विल्यम लीला लगेच स्वातंत्र्य आणि वर्षाला तीस डॉलर.

१४ डिसेंबर १७९९ ला तो गेला. त्या दिवशी त्याच्या उशाशी क्रिस्टोफर शील्स नावाचा तरुण सेवक उभा होता. तीनच महिन्यांपूर्वी बायकोसह पळून जाण्याचा त्याचा बेत वॉशिंग्टनला कळून फसला होता. मरणाच्या दारात असलेल्या वॉशिंग्टनने पाहिले की हा दिवसभर उभा आहे, आणि त्याला खुर्चीवर बसायची खूण केली. लिअरने हे लिहून ठेवले आहे. ती माया खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण क्रिस्टोफर डावरच्या रकान्यातला होता. बसायला खुर्ची मिळाली. मृत्युपत्रात त्याच्यासाठी काही नव्हते.

आता विचित्र स्थिती आली. मळ्यावरच्या शंभरावर माणसांचे स्वातंत्र्य एका अडुसष्ट वर्षांच्या विधवेच्या श्वासावर टांगलेले होते, आणि ते तिलाही माहीत होते. १८०० च्या डिसेंबरात अध्यक्षांची पत्नी अॅबिगेल अॅडम्स भेटीला आली. तिने बहिणीला कळवले की ज्यांना आपल्या मरणाने सुटका मिळणार आहे त्यांच्या हाती आपला जीव सुरक्षित नाही, असे मार्थाला वाटते. त्याच महिन्यात मार्थाने मुक्तिपत्रावर सही केली. १ जानेवारी १८०१ रोजी वॉशिंग्टनची माणसे मोकळी झाली.

त्या दिवशी आयझॅक सुतार स्वतंत्र झाला. किटी झाली नाही, मुली झाल्या नाहीत. फ्रँक ली मोकळा, लूसी आणि मुले नाहीत. स्लॅमिन जो मोकळा, प्रिसिला नाही. जायचे असेल तर जा, पण एकट्याने.

२२ मे १८०२ ला मार्था वारली आणि डावरची माणसे चार नातवंडांत वाटली गेली. एलायझा लॉ, मार्था पीटर, नेली लुइस आणि जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. चार वाटे, चार दिशा. भावंडे फुटली, आया आणि लेकरे फुटली. या वाटणीला लिलावाची हातोडी लागली नाही. एक म्हातारी बाई अंथरुणात वारली, तेवढे पुरले. ओनाची धाकटी बहीण डेल्फी एलायझाच्या वाट्याला गेली. तिला पुढे १८०७ मध्ये टॉमस लॉने मुक्त केले.

मार्थाच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की तिचे हात कायद्याने बांधलेले होते. डावरच्या माणसांपुरते ते खरे आहे. पण तिच्या मालकीचा एक माणूस असाही होता, ज्यावर कस्टिस वारसांचा काडीचा हक्क नव्हता. त्याचे नाव एलिश. बटलर वॉशिंग्टन नावाच्या गृहस्थाकडून तिने त्याला स्वतः विकत घेतले होते. १७८२ पासून व्हर्जिनियात कुणीही मालक एका कागदावर आपला गुलाम मुक्त करू शकत होता. तिच्या नवऱ्याने ते करून दाखवले होते, तिने स्वतः तशा कागदावर सही केली होती. १८०२ च्या मार्चमध्ये, मरणाच्या अडीच महिने आधी, तिने मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि एलिश आपल्या नातवाला दिला. त्याला आणि त्याच्या वारसांना, कायमचा. तिथे हात मोकळे होते. तिची इच्छाच तशी होती.

तो नातू, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस, आपल्या वाट्याची माणसे घेऊन पोटोमॅकच्या काठी आर्लिंग्टनला गेला आणि त्यांच्याकडून तिथे टेकडीवर मोठे घर बांधून घेतले. आज त्या घराभोवती अमेरिकेची राष्ट्रीय दफनभूमी आहे. १८५७ मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्या गुलामांना मुक्त करायला सांगितले, पण पाच वर्षांच्या आत, आणि चार नातींना प्रत्येकी दहा हजार डॉलर देऊन झाल्यावर. व्यवस्थापक होता त्याचा जावई, रॉबर्ट ई. ली. मालक गेला म्हणजे आपण मोकळे, अशी त्या माणसांची समजूत होती. लीने त्यांना देणी फिटेपर्यंत राबवले. वेस्ली नॉरिस, त्याची बहीण आणि एक भाऊबंद १८५९ मध्ये पळाले, पकडले गेले, आणि आपल्याला फटके मारवले, असे नॉरिसने पुढे स्वतः सांगितले.

पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा यादवी युद्ध चालू होते आणि ली दक्षिणेच्या फौजेचा सेनापती होता. २९ डिसेंबर १८६२ रोजी, लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात येण्याच्या तीन दिवस आधी, त्याने मुक्तिपत्रावर सही केली. त्यात सुमारे दोनशे माणसांची नावे आहेत आणि तीन मळ्यांची: आर्लिंग्टन, रोमँकोक आणि व्हाइट हाउस. हा व्हाइट हाउस म्हणजे पामंकी नदीकाठचा तोच मळा, जिथे १०५ वर्षांपूर्वी डॅनियल कस्टिस मृत्युपत्र न करता वारला होता.